तीन आणे, पंधरा आणे आणि मधला हिशेब

१९६३ च्या ऑगस्ट महिन्यात, स्वतंत्र भारताच्या लोकसभेत सरकारविरुद्धचा पहिला अविश्वासाचा ठराव चर्चेस आला त्या दिवसांत, फरुखाबादच्या पोटनिवडणुकीतून नुकतेच निवडून आलेले डॉ. राममनोहर लोहिया उभे राहिले आणि या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर दिवस काढतात असे त्यांनी सभागृहाला सांगितले. पंडित नेहरूंना हा आकडा मान्य नव्हता. त्यांच्या मते दरडोई रोजचे उत्पन्न पंधरा आण्यांच्या घरात होते. नियोजनाशी दीर्घकाळ निगडित असलेले गुलझारीलाल नंदा यांनी पुढे साडेसात आण्यांचा आकडा मांडला. दशमान नाणी प्रचारात येऊन सहा वर्षे लोटली होती, तरीही प्रजेच्या पोटाचा हिशेब आण्यांतच होत होता. आणि तीन, साडेसात व पंधरा या तीन आकड्यांमधील अंतर एवढे मोठे होते की, बोलणारे एकाच देशाविषयी बोलत आहेत यावर ऐकणाराचा विश्वास बसणे कठीण व्हावे.

वर्तमानपत्रांनी या प्रसंगाला वाग्युद्धाचे रूप दिले आणि लोकांच्या स्मरणातही तो तसाच राहिला. परंतु वक्तृत्वाचा झगमगाट बाजूला सारून पाहिले म्हणजे दिसते ते असे की, पंधरा आणे ही सर्व देशाच्या उत्पन्नाला सर्व माथ्यांनी भागून काढलेली सरासरी होती, आणि लोहियांचा आकडा लोकसंख्येच्या खालच्या सुमारे साठ टक्क्यांविषयी होता. दोन प्रश्न भिन्न होते. म्हणून दोन उत्तरे भिन्न असण्यात नवल नव्हते. ज्याला लोकांची स्थिती जाणावयाची आहे त्याने सर्व कुटुंबे खर्चाच्या चढत्या क्रमाने उभी करून, रांगेतले दहावे, पंचविसावे, पन्नासावे शतांश स्थान कोणत्या खर्चावर येते हे पाहिले पाहिजे; शिवाय हे स्थान खेड्यांत कोठे येते व शहरांत कोठे, जमीनदार कुळंबी कुटुंबांत कोठे व भूमिहीन मजुरांत कोठे, हेही वेगवेगळे पाहिले पाहिजे; आणि एवढे करूनही, मूठभर कुटुंबांच्या नमुन्यावरून काढलेले हे आकडे किती इकडेतिकडे सरकू शकतात हे सांगितल्यावाचून त्यांना सभागृहात उभे करू नये. हे काम करण्याची विद्या या देशात त्या वेळी होती. ती कोठून आली याचा वृत्तांत सांगण्याजोगा आहे, कारण तिच्या घडणीत कलकत्त्याचा वाटा जितका मोठा तितकाच, निराळ्या मार्गाने, पुण्याचा आणि साताऱ्याचाही आहे.

आमच्याकडे रयतवारीचा मुलूख. गावोगाव कुळकर्णी, पुढे तलाठी. त्याच्या दफ्तरात प्रत्येक सर्व्हे नंबरचा आकार, खातेदाराचे नाव आणि पीकपाहणीची नोंद. सालाचे पीक कसे, याचा निर्णय आणेवारीने होई: सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, सहा आण्यांच्या खाली गेले की सारातहकुबीची चर्चा. ही आणेवारी बहुतांशी नजरअंदाजानेच ठरे. मामलेदाराच्या मर्जीचे, सरकारच्या वसुलीचे आणि रयतेच्या गाऱ्हाण्याचे ओझे एकाच वेळी तिच्यावर पडे. परंतु बंगालमध्ये तेवढाही आधार नव्हता. कायमधाऱ्याच्या पद्धतीत जमीनदाराने ठरलेली रक्कम भरली की सरकारचा गावाशी संबंध संपे; त्यामुळे गावपातळीवर महसुली दफ्तरच नव्हते आणि पिकांचे आकडे चौकीदारांच्या तोंडी अहवालांवर चालत. ज्या प्रांतात जगाचा बहुतेक सर्व ताग पिके, त्या प्रांताला आपल्या शेतांत ताग किती आहे हे ठाऊक नसे, आणि या अज्ञानाचा लाभ बाजारातील सट्टेवाल्यांना मिळे.

प्रशांतचंद्र महालनोबीस हे मूळचे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. प्रेसिडेन्सी कॉलेजातील आपल्या खोलीत त्यांनी संख्याशास्त्राची लहानशी प्रयोगशाळा थाटली, आणि १९३१ च्या अखेरीस तिच्यातून भारतीय संख्याशास्त्र संस्था उभी राहिली. १९३७ मध्ये त्यांनी तागाच्या क्षेत्राची नमुना पाहणी लहान प्रमाणावर आरंभिली आणि चार वर्षांत ती सबंध प्रांतभर पसरली. चाळिशीच्या मध्यास बंगाल सरकारने शेतन् शेत मोजण्याचाही प्रयत्न केला. तुलना करण्याची अशी संधी इतिहासात क्वचितच येते. संपूर्ण गणनेस सुमारे तेहतीस हजार माणसे लागली आणि ब्याऐंशी लाख रुपये खर्च आला. नमुना पाहणी सहाशे माणसांनी आठ लाखांत पुरी केली. पुढे व्यापार व जकातीच्या आकड्यांवरून तागाचे उत्पन्न सुमारे साडेपंचाहत्तर लाख गासड्या निघाले. नमुना पाहणीचा अंदाज त्याच्या अगदी निकट होता. संपूर्ण गणनेचा त्रेसष्ट लाखांवरच थांबला होता. ज्याने सगळे मोजले तो चुकला, आणि ज्याने थोडेच, पण नीट निवडून मोजले तो बरोबर आला, हे त्या वेळच्या महसुली अधिकाऱ्यांच्या सहजासहजी पचनी पडले नाही; आजही पुष्कळांच्या पडत नाही.

परंतु या पाहणीतील सर्वांत मोलाची कल्पना खर्चाच्या बचतीची नव्हती. महालनोबीसांनी नमुन्याचे दोन स्वतंत्र भाग केले, दोन्ही भाग एकाच प्रदेशावर जाळ्यावर जाळे पसरावे तसे पसरले आणि ते दोन निरनिराळ्या तुकड्यांच्या हाती दिले. एका तुकडीच्या माणसाला दुसरीचे आकडे ठाऊक नसत. हंगामाच्या शेवटी दोन उत्तरे हाती येत. ती जवळजवळ असली तर समाधान; दूर असली तर काहीतरी बिघडले आहे हे कळे, मग तो बिघाड नमुन्याच्या नशिबाचा असो वा मोजणाराच्या आळसाचा. आणि दोन उत्तरांतील अंतराच्या निम्मे घेतले की त्यांच्या सरासरीच्या प्रमाण त्रुटीचा एक अंदाज, ओबडधोबड का होईना, मिळे. कोणतेही किचकट सूत्र लागत नसे, कोणतेही गृहीत धरावे लागत नसे. एकाच गावातली कुटुंबे एकमेकांसारखी असतात आणि त्यामुळे गावातून घेतलेली वीस कुटुंबे देशभरातून विखुरलेल्या वीस कुटुंबांइतकी माहिती देत नाहीत, ही गोष्ट पाठ्यपुस्तकातील साधे सूत्र विसरते. दोन तुकड्यांतील अंतर ती विसरत नाही, कारण ते प्रत्यक्ष घडलेल्या पाहणीतूनच निघालेले असते.

येथे सातारच्या बुध गावात १९११ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव घेणे अवश्य आहे. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला गेले, युनिव्हर्सिटी कॉलेजात नेमन आणि पीअर्सन या संख्याशास्त्रज्ञांच्या सान्निध्यात त्यांनी नमुन्याच्या उपपत्तीवर संशोधन केले, आणि परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत देशभरच्या पीककापणी प्रयोगांची व्यवस्था त्यांच्याकडे आली. महालनोबीसांशी त्यांचा वाद झाला, आणि तो केवळ दोन मानी माणसांचा वाद नव्हता. महालनोबीस स्वतंत्र पगारी तपासनीस ठेवीत व शेतातला अगदी लहानसा तुकडा कापून तोलीत. सुखात्मे म्हणत की तलाठ्याला आणि शेतकी खात्याच्या माणसाला शिकवून हेच काम त्यांच्याकडूनच घ्यावे, आणि कापणीचा तुकडा बऱ्यापैकी मोठा असावा. कारण त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले होते की, फार लहान तुकड्याच्या सीमेवर आलेले रोप कापणारा हटकून आत धरतो. क्षेत्र जितके लहान तितकी त्याच्या मानाने सीमा मोठी, आणि मग उत्पन्न प्रत्यक्षापेक्षा फुगून दिसते. ही चूक दोन्ही तुकड्या सारखीच करतील. त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतील, प्रमाण त्रुटी अल्प दिसेल, आणि तरीही आकडा खोटा असेल. सुखात्म्यांचे हे म्हणणे मला त्या काळातील सर्वांत महत्त्वाच्या सूचनांपैकी एक वाटते. प्रमाण त्रुटी नमुन्याच्या चंचलपणाचे माप देते. सर्वांनी मिळून एकाच दिशेने केलेल्या चुकीविषयी ती मौन पाळते.

स्वातंत्र्यानंतर पिकांच्या प्रश्नाशेजारी माणसांचा प्रश्न आला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबीस अध्यक्ष, आणि सदस्य दोन: डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. समितीला लवकरच कळून चुकले की, ज्या देशात बहुसंख्य लोक हिशेबाच्या वह्या ठेवीत नाहीत तेथे त्यांच्या दारी जाऊन विचारल्यावाचून गत्यंतर नाही. यातूनच राष्ट्रीय नमुना पाहणी जन्मास आली. १९५० च्या ऑक्टोबरपासून पुढील मार्चपर्यंत चाललेल्या पहिल्या फेरीत देशातील लाखो खेड्यांतून १,८३३ खेडी निवडण्यात आली, आणि त्यांतील काही खेड्यांचे काम गोखले संस्थेने केले.

त्या कामाचे स्वरूप दूरच्या वाचकाला सहसा कळत नाही. तपासनीस गावात येई, चावडीवर पाटील-तलाठ्याला भेटून घरांची यादी करी, त्या यादीतून ठरलेल्या नियमाने घरे काढी, आणि मग ज्या घरावर चिठ्ठी पडली त्या घराच्या ओसरीवर छापील प्रश्नपत्रक उघडून बसे. गेल्या तीस दिवसांत ज्वारी किती खाल्ली? घरधनीण पायलीत सांगणार, आणि या तालुक्याची पायली शेजारच्या तालुक्याच्या पायलीएवढी असेलच असे नाही. कांदे, मिरची, मीठ, तेल, जळण. बलुतेदाराला दिलेले धान्य. सणाला घेतलेले लुगडे. शेतावरून आणलेल्या भाजीची किंमत काय धरावयाची? मजुरीच्या बदल्यात मिळालेली भाकरी कोणाच्या खात्यात मांडावयाची? स्मरण एका महिन्याचे विचारावे की एका आठवड्याचे, यावर तेव्हा कलकत्त्यात प्रयोग झाले आणि तो प्रश्न पुढील अर्धशतक धुमसत राहिला. देशाच्या दारिद्र्याविषयी पुढे जे जे बोलले गेले त्या सर्वांचे मूळ अशा ओसरीवर, एखाद्या बाईने आठवून आठवून दिलेल्या उत्तरांत आहे. तिने दिलेला तो वेळ या शास्त्राचे खरे भांडवल होय.

ही प्रश्नपत्रके कलकत्त्यास जमली, तेव्हा त्यांचे करावयाचे काय? सरासरी काढणे सोपे होते. पण महालनोबीसांना ती पुरेशी वाटेना. १९६० मध्ये ‘इकॉनॉमेट्रिका’ या नियतकालिकात त्यांनी आपली फ्रॅक्टाइल पद्धती मांडली. कुटुंबे दरडोई खर्चाच्या क्रमाने लावावयाची, त्यांचे समान लोकसंख्येचे गट पाडावयाचे, खालचे पाच किंवा दहा टक्के, त्यावरचे तितकेच, असे अगदी वरपर्यंत. आणि प्रत्येक गटाची स्थिती कागदावर एका बिंदूने दाखवून बिंदू जोडावयाचे. नमुन्याच्या पहिल्या भागासाठी एक रेषा, दुसऱ्यासाठी दुसरी. दोन रेषांच्या मध्ये जे क्षेत्र उरते ती त्रुटी. दोन वर्षांची किंवा दोन प्रदेशांची तुलना करावयाची तर त्यांच्या एकत्रित रेषांमधील क्षेत्र या त्रुटीच्या क्षेत्राहून स्पष्टपणे मोठे आहे काय ते पाहावयाचे; नसेल तर फरक पडला असे म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही. रुपयाचे मोल वर्षावर्षाला बदलते, पण ‘खालचे दहा टक्के’ हे स्थान बदलत नाही, म्हणून निरनिराळ्या काळांची तुलना या पद्धतीत न्याय्य होते. गणितज्ञांना तिच्यात कच्चे दुवे दिसले आणि त्यांनी ते भरून काढण्यासाठी पुष्कळ लिहिले; परंतु डोळ्यांनी पाहता येईल अशी त्रुटी राज्यकर्त्यासमोर ठेवण्याचा हा मार्ग किती सरळ आणि किती प्रामाणिक होता!

अशा स्थानाची त्रुटी काढण्यात जी खुबी आहे ती एका उदाहरणाने उघड होईल. समजा, शेतमजुरांच्या चारशे कुटुंबांचा नमुना आहे आणि त्यांना खर्चाच्या चढत्या क्रमाने उभे केले आहे. शंभराव्या कुटुंबाचा खर्च म्हणजे पहिला चतुर्थक. तो रुपयांत किती हलेल हे थेट सांगणे अवघड आहे, कारण ते त्या ठिकाणी कुटुंबे किती दाट उभी आहेत यावर अवलंबून असते. परंतु पंचवीस टक्के हा हिस्सा किती हलेल ते सहज सांगता येते: चारशेंच्या नमुन्यात त्याची प्रमाण त्रुटी सुमारे २.२ टक्के, म्हणजे जवळपास नऊ कुटुंबे. तिच्या दुप्पट मागेपुढे जावे, त्र्याऐंशीव्या व एकशेसतराव्या कुटुंबाचा खर्च वाचावा, आणि खरा चतुर्थक बहुधा या दोहोंमध्ये आहे असे म्हणावे. अमेरिकन जनगणना खात्यातील राल्फ वुडरफ यांनी १९५२ मध्ये हीच वाट प्रसिद्ध केली, आणि ती आजही चालते. गावागावांतील सारखेपणामुळे विचरण दुप्पट झाले असेल तर मर्यादा पंचाहत्तराव्या आणि एकशेपंचविसाव्या कुटुंबापर्यंत सरकतात. मजुरांतूनही केवळ एका जिल्ह्याचे मजूर वेगळे काढले आणि हाती शंभरच कुटुंबे उरली, तर चतुर्थक सोळाव्या आणि चौतिसाव्या कुटुंबामध्ये कोठेही असू शकतो. जितका पोटगट लहान तितके उत्तर धूसर. आणि सरकारला, वर्तमानपत्राला, कार्यकर्त्याला तर नेहमी लहान पोटगटाचेच उत्तर हवे असते.

या पद्धतीचा आणखी एक गुण आहे, आणि दारिद्र्याच्या अभ्यासात तो निर्णायक ठरतो. धनिक माणूस आपला खर्च कमी सांगतो, हे कोणापासून लपलेले नाही. त्याने हजाराचे पाचशे सांगितले तर देशाची सरासरी घसरते. पण पाचशे सांगूनही तो रांगेत वरच राहतो, त्यामुळे खालच्या चतुर्थकाला अथवा मध्यकाला धक्का लागत नाही. शिवाय खाली आणि मध्यभागी कुटुंबे दाटीने उभी असल्याने तेथे नऊ कुटुंबे मागेपुढे झाली तरी खर्चात थोडकाच फरक पडतो. शिखराकडे, जेथे दोन कुटुंबांत शेकड्यांचे अंतर असते, तेथे आकडा डळमळतो. म्हणजे पाहणी ज्यांच्याविषयी सर्वांत कमी विश्वासार्ह आहे ते श्रीमंत होत, आणि ज्यांच्यासाठी ती करावयाची त्या गरिबांविषयी ती त्यामानाने भरवशाची आहे.

हा भरवसा ज्यांनी पुरता ओळखला ते विनायक महादेव दांडेकर. तेही साताऱ्याचे, संख्याशास्त्र शिकलेले कलकत्त्यास, आणि कर्मभूमी पुण्याची गोखले संस्था. नीळकंठ रथ यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारतातील दारिद्र्यावरील निबंध १९७१ च्या जानेवारीत ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या दोन अंकांत प्रसिद्ध झाला. दररोज माणशी २,२५० कॅलरी मिळतील एवढे अन्न खेड्यात ज्या खर्चाच्या गटाला परवडते तो गट त्यांनी पाहणीच्या कोष्टकांत शोधला: १९६०-६१ च्या भावाने वर्षाला माणशी सुमारे १७० रुपये. शहरात २७१. या रेषेखाली ग्रामीण लोकसंख्येतील सुमारे चाळीस टक्के आणि नागरी लोकसंख्येतील सुमारे पन्नास टक्के लोक होते. ग्रामीण रेषेला दिवसाच्या आण्यांत रूपांतरित करून पाहावे: १७० भागिले ३६५, म्हणजे साडेसेहेचाळीस पैसे, म्हणजे साडेसात आण्यांना किंचित कमी. भावपातळीतला दोन-तीन वर्षांचा फरक जमेस धरूनही, लोकसभेत गाजलेला मधला आकडा आणि खेड्यातील अर्धपोटी माणसाची सीमारेषा एकाच ठिकाणी येऊन भिडतात. लोहियांचा तीन आण्यांचा आकडा या हिशेबात टिकत नाही, सत्तावीस कोटींसाठी तर मुळीच नाही. पण पंधरा आण्यांच्या सरासरीने लोकांची स्थिती कळत नाही हे त्यांचे म्हणणे टिकते, आणि मोठ्या ताकदीने टिकते.

दांडेकर-रथ यांनी पुढे १९६७-६८ पर्यंतचे आकडे घेऊन गटागटांची तुलना केली. सरासरी खर्च वाढला होता; परंतु खेड्यांतील तळच्या वीस टक्क्यांची स्थिती जवळजवळ होती तेथेच राहिली होती, आणि शहरांतील तळच्या वीस टक्क्यांची तर निश्चितपणे खालावली होती. सरासरीने हे कधीही सांगितले नसते. या निष्कर्षावरून त्यांनी ग्रामीण भागात सार्वजनिक कामांची विस्तृत योजना सुचविली आणि तिचा खर्च वरच्या स्तरांवरील करांतून काढावा असे रोखठोक लिहिले.

मग ज्या वादाची वाट पाहावी असा वाद उपस्थित झाला. अन्न व शेती संघटनेच्या रोम येथील सांख्यिकी विभागाची धुरा दीर्घकाळ वाहून पुण्यास परतलेल्या सुखात्म्यांनी २,२५० या रेषेवरच बोट ठेवले. ते म्हणाले, ही माणसाच्या गरजेची सरासरी आहे. निरोगी माणसांपैकीही सुमारे निम्मे सरासरीच्या खाली असणारच, इतकेच नव्हे तर एकाच माणसाचा आहार आठवड्याआठवड्याला बदलतो आणि शरीर त्याच्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरीतून दोन प्रमाण विचलने वजा केलेल्या मर्यादेखाली जो जातो त्यालाच उपाशी म्हणावे. असे केल्यास भुकेल्यांची संख्या एकदम पुष्कळ कमी होत होती. सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या आरंभी त्याच साप्ताहिकात सुखात्मे आणि दांडेकर यांनी एकमेकांना दिलेली उत्तरे जिज्ञासूने मुळातून वाचावीत. दांडेकरांचे म्हणणे असे की, पाहणीचा आकडा एका माणसाचा नसून कुटुंबाचा आहे, आणि पाच माणसांच्या सरासरीत व्यक्तीव्यक्तींचे चढउतार बरेचसे बुजून जातात. शिवाय जो कमी खातो तो आपल्या गरजेप्रमाणे कमी खातो असे धरण्यास कोणताही आधार नाही, कारण खर्च वाढताच तोच वर्ग अधिक खाताना दिसतो. सुखात्मे अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले. दोघांच्या हाती कोष्टके तीच होती, राष्ट्रीय नमुना पाहणीची. नमुन्याची त्रुटी दोघांनाही सारखीच ठाऊक होती. रेषा कोठे ओढावयाची हे मात्र त्या कोष्टकांत लिहिलेले नव्हते, आणि दारिद्र्यरेषेवर पुढे नेमल्या गेलेल्या प्रत्येक समितीला याच ठिकाणाहून पुन्हा आरंभ करावा लागला.